भाषणाचं पहिलं पान

मंगळवार, ४ फेब्रुवारी

माझं आयुष्य बदललं ते आज, दुपारची बांग चालू असताना. मोठ्या मशीनचं झाकण उघडून मी आत अडकलेला कागद ओढत होतो, हात कोपरापर्यंत काळे. वर बघतो तर काउंटरपलीकडे अरीज. वर्षभरात पहिल्यांदा. रस्त्याच्या त्या बाजूला विद्यापीठाचं उत्तर फाटक, या बाजूला आमचं झेरॉक्सचं दुकान, मध्ये माझी बावीस पावलं. तिने ती वर्षभरात कधी ओलांडली नव्हती. झेरॉक्स काढायला ती चौकापलीकडच्या दुकानात जाते. मला कसं माहीत, ते इथे लिहीत नाही.

"मुहन्नद, आधी हात पूस," ती म्हणाली.

वर्षानंतरचं पहिलं वाक्य. पुसले.

तिने तीन कागद ठेवले. पदवीदानाला त्या बड्या कंपनीचे अध्यक्ष येऊन बोलले होते ना, 'जागतिकीकरण आणि तरुण पिढी', ते भाषण. "यातली भाषणाची कारागिरी उलगडायची आहे. कुठे काय वापरलंय, कशासाठी, आणि त्याने ऐकणाऱ्याचं काय होतं. आपल्या वर्गात हे तुझ्यासारखं कुणालाच जमत नव्हतं."

"तुझ्यासाठी करायचं?"

"तू कर तर खरं. मग बघू."

आणि गेली. अत्तर नव्हतं, काही नव्हतं, नुसता ओल्या लोकरीचा वास. बाहेर पाऊस होता. दहा मिनिटं मी तसाच उभा. दुकानाचे मालक अबू शाकिर गॅसच्या शेगडीला पाय लावून बसले होते. ते म्हणाले, "पोरा, मशीन पेटलं असतं तरी तुला धूर दिसला नसता."

कागदांवर पानांचे आकडे २, ३, ४. पहिलं पान नाही. कुठल्या तरी मशीनमध्ये अडकलं असेल. त्या चौकापलीकडच्यांचं मशीन तसलंच. समासात पेन्सिलीने बरंच काही लिहून खोडलेलं आहे. उजेडात धरलं की तिचं अक्षर दिसतं. म्हणजे तिने स्वतः सगळं करून पाहिलं आणि मग माझ्यासाठी पुसून टाकलं! कोरा कागद द्यावा म्हणून स्वतःचं लिहिलेलं पुसणारी मुलगी. याला काय म्हणायचं?

(ही वही मीच बांधली. वाया गेलेल्या प्रती, एका बाजूने कोऱ्या, तारेने गुंफलेल्या. उलट बाजूला कुणाच्या तरी मातीच्या भौतिकशास्त्राच्या नोट्स आहेत.)

आजपासून रोज लिहीन.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

काल लिहिलं नाही.

भाषण आठ वेळा वाचलं. माणूस बदमाश आहे आणि चांगला बोलतो. सुरुवात दुसऱ्या पानावरच आहे, म्हणजे पहिलं नुसतं मुखपृष्ठ असणार: "मुलांनो, जग आता एक गाव झालं आहे, आणि आपण सारे या गावाचे रहिवासी." पुढे: "बदलाचे वारे सुटले आहेत. वाऱ्यापुढे भिंती बांधणारे कोसळतील, शिडं उभारणारे पोचतील. आपण स्वप्नं पाहिली. आपण दारं उघडली. आता तुम्ही धावायचं. तुम्ही तयार आहात का?"

पहिली गोष्ट: वारे. संपूर्ण भाषणात वारे आहेत, लाटा आहेत, पूर आहे. कारखाने बंद पडले ते लाटेने. पोरं आखातात गेली ती वाऱ्याने. हवामानाला कोण जाब विचारणार? ज्याने काही केलं आहे, तो हवामानावर बोलतो.

दुसरी: शिडं. जॉर्डनच्या उत्तर टोकाला, इर्बिदमध्ये! इथून समुद्र बघायचा तर मधे एक अख्खा देश पडतो.

तिसरी, आणि ही मला रात्री सुचली म्हणून मी उठून दिवा लावला, आई ओरडली: चांगल्या गोष्टी झाल्या तिथे 'आपण', आणि घाम गाळायचा तिथे 'तुम्ही'. 'आपण' दारं उघडतो, 'तुम्ही' धावता. मी लाल पेनाने खुणा केल्या. कडेने उतरताना लाल खुणा वाढत जातात, गोवरासारख्या.

अबू शाकिरना वाचून दाखवलं. ते शेगडीवर रोटी भाजत होते. म्हणाले, "जग गाव झालंय?"

"असं म्हणतायत."

"मग माझ्या शाकिरला गावातल्या गावात जायला दोनदा व्हिसा का नाकारला? आमच्या गावात तर शेजारी दार लोटून आत येतात."

हे तसंच्या तसं उतरवून घेतलं. अबू शाकिर दहावी नापास आहेत. डॉ. फव्वाजांच्या सहा महिन्यांच्या तासांत मला जेवढं मिळालं नव्हतं, तेवढं एका रोटीत मिळालं.

डॉ. फव्वाजांचं नाव आलंच आहे तर एकदा लिहून टाकतो, पुन्हा काढणार नाही. भाषणशास्त्र तेच शिकवायचे. गेल्या फेब्रुवारीत भर वर्गात माझा निबंध हातात धरून त्यांनी विचारलं, "हे कुठलं?" खोटा आळ. सत्तर जणांसमोर. अरीज दुसऱ्या रांगेत. मी उठलो, दार जरा जोराने लागलं, काचेला तडा गेला. कॉलेज सुटलं. येत्या वीस तारखेला वर्ष होईल. जानेवारीत विभागाकडून एक पाकीट आलं होतं. काचेचं बिल असणार. न फोडता दुकानातल्या रद्दीच्या खोक्यात टाकलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

बसवत नाही. दुकान उघडलं, बंद केलं, मध्ये काय झालं आठवत नाही. एका बाईला तिच्या बालसंगोपनावरच्या प्रबंधाच्या चाळीसऐवजी चारशे प्रती काढून दिल्या. अबू शाकिर म्हणाले, "आता मातीचं शास्त्र सोडून तुझ्या वहीला बालसंगोपन मिळेल."

विश्लेषण पूर्ण झालं. सात पानं. वरती तिचं पूर्ण नाव सुंदर अक्षरात काढलं. तीनदा काढलं, तिसरं ठेवलं.

रविवार, ९ फेब्रुवारी

ती आली. सात पानं तिथेच उभी राहून वाचली. गोवराच्या ठिकाणी हसली! व्हिसाच्या ठिकाणी अबू शाकिरकडे बघून हसली. मग वर परत आली, नावाकडे, आणि चेहरा मिटला.

"हे माझं नाही," म्हणाली.

"तुझंच आहे. मी तुझ्यासाठी..."

"मुहन्नद, तू या दुकानात असं किती जणांना लिहून दिलंस?"

"इतरांचं वेगळं. ते गिऱ्हाईक."

तिने पानं नीट जुळवली. मग पानं परत माझ्या हातात. "शेवटचा भाग कच्चा आहे. 'तुम्ही तयार आहात का' हा प्रश्न तीनदा आलाय आणि तू त्यावर दोन ओळी लिहून पळालास. रागाने लिहिलंय. राग नको, उत्तर हवंय." आणि निघून गेली.

मी म्हटलं, "काका, फुकट घेत नाही म्हणून रुसली. मानी आहे."

अबू शाकिरनी माझ्याकडे पाहिलं, चहात पुदिना टाकला, काहीच बोलले नाहीत. हे त्यांच्या स्वभावात बसत नाही.

संध्याकाळी तिचा निरोप आला. शब्दशः:

"आपण हे नीट पूर्ण करू या. वेळ कमी आहे. तू ठरवलंस तर होईल."

सोमवार, १० फेब्रुवारी

झोप नाही. निरोप उलगडला.

पहिलं वाक्य, 'आपण'. अध्यक्षांचं 'आपण' खोटं होतं, कारण पुढे 'तुम्ही' येत होतं. इथे पुढे 'तू' आहे. एकवचन. जवळचं. वाक्यं तीन, लांब, आखूड, मग मधलं. म्हणजे श्वास अडकतो आणि सुटतो. दुसरं वाक्य, 'वेळ कमी आहे'. कशाला कमी? उघड आहे. कुणी तरी मागणी घालणार आहे, दुबईतला इंजिनियर वगैरे. मुलगी स्वतःच्या तोंडाने यापेक्षा जास्त काय सांगणार? आणि तिसरं: 'तू ठरवलंस तर होईल.'

यात आणखी उलगडायचं काय राहिलं?

दुपारी मामांकडे गेलो. बाबा गेल्यापासून आमच्या घरात शब्द मामांचा, आणि फक्त आमच्या घरात नाही. अबू खल्दून म्हटलं की अर्धं इर्बिद उठून उभं राहतं. लोक आपल्या मुलाची मागणी घालायला पाहुण्यांची जाहा घेऊन जातात तेव्हा तोंड म्हणून मामांना पुढे करतात. पंधरा-वीस माणसं घेऊन ते मुलीच्या घरी जातात, कॉफीचा पहिला कप त्यांना दिला जातो, ते तो न पिता समोर ठेवतात आणि बोलायला लागतात. मुलीचा बाप 'प्या कॉफी' म्हणाला की झालं.

"चाळीस वर्षांत," मामा म्हणाले, "माझा कप कधी थंड झाला नाही. मुलीकडचा होकार आहे ना?"

"आतून आहे."

"आतून म्हणजे? तुझी आई तिच्या आईला भेटली?"

"मामा, काळ बदललाय."

"काळ बदलतो, बायका नाही. आधी बायका जातात, सगळं ठरवून येतात, मग आम्ही मिशांना पीळ देत जातो आणि जसं काही आम्हीच ठरवलं."

मी तिचा निरोप दाखवला. मामांनी चष्मा लावून दोनदा वाचला. "यात लग्न कुठंय?"

मी समजावून सांगितलं. एकवचन, श्वास, सगळं. मामा ऐकत राहिले. मग म्हणाले, "तू शिकलेला आहेस बाबा."

बुधवार, १२ फेब्रुवारी

आई दोन दिवस एकच घोकते आहे. "मी एकदा जाते. मिठाईचा डबा घेऊन जाते, बसते, तिच्या आईचे डोळे बघते. डोळे बघितल्याशिवाय पुरुष पाठवायचे नसतात."

"आई, ती माझ्याशी स्वतः बोलली आहे."

"काय बोलली?"

"तुला कळणार नाही."

आई कोबीची पानं गुंडाळत होती. पुढचं पान जरा जास्तच घट्ट गुंडाळलं.

मामांनी फोन करून शुक्रवार मागून घेतला. तिचे वडील, अबू लैथ, अम्मानच्या मार्गावर बस चालवतात. म्हणाले, "घर तुमचंच." कशासाठी येताय असं विचारलंसुद्धा नाही. बघा!

मामांचं भाषण मी लिहून देणार. त्यांचं नेहमीचं जुनं झालंय: खजूर, मूळ, फांदी. मामा कुरकुरले, "माझ्या फांदीवर चाळीस घरं वसली आहेत." पण घेतलं. रात्री तालीम झाली. आरशासमोर उभं राहून त्यांनी म्हटलं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

अरीजचे दोन निरोप आले. "झालं का?" आणि "मुहन्नद, वीस तारीख विसरू नकोस." वर्ष होतंय हे तिच्याही लक्षात आहे. मी उत्तर दिलं नाही. शुक्रवारीच उत्तर मिळेल तिला.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

लिहावंसं वाटत नाही. लिहितो.

सतरा माणसं होतो. मी दाराजवळून तिसऱ्या खुर्चीवर, कडक इस्त्रीत, हातांना जागा नाही. अबू लैथ जाड अंगाचा शांत माणूस, नखांच्या कडांना वंगणाची रेघ. त्याच्या भावाने कॉफी ओतली, पहिला कप मामांसमोर ठेवला. मामांनी हात लावला नाही. खोकले. 

मामांनी अल्लाचं नाव घेतलं, पैगंबरांवर सलाम पाठवला, आणि मग माझं सुरू केलं.

"अबू लैथ, जग आज एक गाव झालं आहे, आणि आपण सारे या गावाचे शेजारी. बदलाचे वारे घराघरांत शिरले आहेत. आपली मुलं या वाऱ्यात वाढली..."

मी खुर्चीची कड धरली. हे मी लिहिलं होतं? हे त्याचं होतं, अध्यक्षाचं. तोच वारा. आठवडाभर ज्याला लाल खुणा करत बसलो, तोच माझ्या पेनातून बाहेर आला होता आणि मला कळलंसुद्धा नव्हतं. पुढे काय येतंय ते मला पाठ होतं. लाट येत होती. मी मनात म्हटलं, मामा, लाट गाळा. त्यांनी गाळली नाही.

संपलं. मामा टेकले. "आमची कॉफी थांबली आहे."

अबू लैथ म्हणाला, "अबू खल्दून, तुमचं बोलणं मध आहे. मी ड्रायव्हर माणूस. मला एवढंच कळतं, गाडी कुठून सुटली आणि कुठे थांबणार. तुमचा भाचा काय करतो?"

मामांनी तोंड उघडलं. सात मिनिटांच्या भाषणात हे कुठेही नव्हतं. मी घातलंच नव्हतं. कुणीतरी खुर्ची सरकवली. मामा म्हणाले, "तो... त्याच्यापुढे सगळं आयुष्य आहे."

"ते तर देवाने सगळ्यांनाच दिलंय," अबू लैथ म्हणाला. रागाने नाही. "जरा बसा."

आत गेला. आतून बायकांचा आवाज, मग एकटा तिचा, शब्द कळले नाहीत. त्या वेळात कपावरची वाफ बारीक होत होत गेली. मी तीच बघत होतो. सतरा माणसं तीच बघत होती.

तो परत आला तेव्हा हातात एक कागद होता. मामांना नाही दिला. खोली ओलांडून माझ्यापर्यंत आला आणि माझ्या हातात दिला. "मुलगी म्हणते, हे याचं राहिलेलं पान."

कोपऱ्यात आकडा १.

मग मामांकडे वळून म्हणाला, "तुम्ही माझे पाहुणे. दुसरी कॉफी येते आहे, पाहुण्यांची म्हणून प्या, नाही म्हणू नका. तो पहिला कप तिथेच राहू दे. जाहाची कॉफी या पानानंतर. तेव्हा तुम्ही याल की नाही हे या पोराने ठरवायचं."

दुसरी कॉफी आली. सगळे प्याले. कुणाचा अपमान झाला नाही. फक्त तो एक कप भरलेला, मध्ये.

गाडीत मामा रिंग रोडपर्यंत मिशी चोळत बसले. मग म्हणाले, "फांदी चांगली होती."

तोच दिवस, नंतर

पानावर असं आहे: पुनःप्रवेशासाठी लेखन. विद्यार्थ्याचं नाव, माझं, आजोबांपर्यंत पूर्ण. एक: विद्यापीठ का सोडलं, स्वतःच्या शब्दांत. दोन: सोबत जोडलेल्या भाषणातील कारागिरीचं विश्लेषण. वर्ष पूर्ण होण्याआधी, वीस फेब्रुवारीपर्यंत, स्वतः हजर राहून द्यावं. खाली सही डॉ. फव्वाज.

म्हणजे सगळ्यांनी मिळून मला मूर्ख बनवलं. ती, तो, बस ड्रायव्हर.

शनिवार, १५ फेब्रुवारी

मी तिला लिहिलं, "पान लपवलंस."

तिचं उत्तर, "जानेवारीतलं पाकीट न फोडता टाकलंस ना? अबू शाकिरनी रद्दीतून काढून मला दिलं. हे चारही कागद त्यातलेच. डॉ. फव्वाजांचं नाव बघून पहिलं पानही फाडलं असतंस."

फाडलं असतं. चार तुकडे.

"आणि जाहा?" मी लिहिलं.

खूप वेळाने: "पंधरा-वीस माणसं आणलीस. एकालाही खरं सांगितलं नव्हतंस. मी आत बसून माझ्या नावाचं भाषण ऐकत होते आणि त्यात मी नव्हते, तूही नव्हतास. मला खूप राग आलाय. तो आपला आपण जाईल, तू काही करू नकोस. पान भर."

यातलं काहीही मी उलगडणार नाही. जसं लिहिलंय तसंच ठेवतो.

अबू शाकिरना विचारलं, "काका, तुम्हाला माहीत होतं?"

"मला कचरा टाकायला जावं लागतं," ते म्हणाले. "तुम्ही शिकलेली माणसं नुसतं टाकता."

सोमवार, १७ फेब्रुवारी

विश्लेषण सोपं आहे, वरचं नाव फक्त बदलायचं. अडतं ते पहिल्या प्रश्नावर. का सोडलं.

पहिला मसुदा: "परिस्थितीच्या रेट्यामुळे." वारा.

दुसरा: "शिक्षणव्यवस्थेत तरुणांच्या स्वाभिमानाला स्थान उरलेलं नाही." हा अध्यक्षांनाही आवडला असता.

तिसरा: "भर वर्गात आळ घेतला गेल्याने." बरं. आळ. निबंधातल्या दोन ओळी कुठल्याशा नोट्सशी मिळत्याजुळत्या होत्या, हे मान्य. दोन ओळी कुणाच्याही कुणाशीही मिळतील.

तिन्ही फाडले. आई म्हणाली, "इतका कागद फाडतोस, एखादं उत्तर तरी बाहेर पडू दे." मग कोबीचं ताट ठेवलं आणि म्हणाली, "मी काल तिच्या आईकडे जाऊन आले."

"कशाला!"

"माफी मागायला. अगोदर न जाता पुरुष पाठवले म्हणून. ती माझी चूक."

तिची नव्हती. मी घास गिळला.

बुधवार, १९ फेब्रुवारी

दीड पान.

दोन ओळी नव्हत्या. दीड पान होतं, आणि ते याच दुकानातलं होतं. दुसऱ्या रॅकवर निळ्या पुठ्ठ्याचा गठ्ठा आहे, भाषणशास्त्र, तिसरं वर्ष. आज दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा तो काढून बघितला. शब्दशः. माझ्या लक्षात होतं तितकं नाही, त्याहून जास्त.

आणि आणखी एक. डॉ. फव्वाज ओरडले नव्हते. गेलं वर्षभर माझ्या आठवणीत ते ओरडतात. त्यांनी हळू विचारलं होतं, "हे कुठलं, मुहन्नद?" आणि थांबले होते. खरंच थांबले होते, उत्तरासाठी. सत्तर जण थांबले होते. मी उत्तर द्यायचं सोडून दार आपटलं.

मग अरीजने कच्चा म्हटलेला शेवटचा भाग उघडला. 'तुम्ही तयार आहात का?' अध्यक्ष तीनदा विचारतो आणि तीनदा लगेच पुढे बोलतो. सभागृह टाळ्या वाजवतं. 'नाही' म्हणायला जागाच ठेवलेली नाही. तो प्रश्न नाही, टाळ्यांची खूण आहे. मला शुक्रवार आठवला. मामांचं भाषण माझं होतं, वाईट होतं, पण शेवटी ते गप्प बसले आणि कप समोर होता. समोरच्याला आत जाता आलं, पान आणता आलं. मी लिहिलं:

"आमच्याकडे मागणी घालणारा कॉफी समोर ठेवून थांबतो. ती थंड होऊ शकते, आणि हे त्याला माहीत असतं. या भाषणात तरुणांना तीन प्रश्न विचारले आहेत. एकाही प्रश्नासमोर विचारणाऱ्याची कॉफी थंड होण्याची शक्यता नाही. म्हणून त्यांतला एकही प्रश्न नाही."

मग पहिला प्रश्न लिहायला घेतला. का सोडलं. चार ओळी झाल्या.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सकाळी अबू शाकिरनी मशीन बंद केलं आणि म्हणाले, "जा. तुझ्या हातून चारशे प्रती निघण्यापेक्षा मीच पाच काढतो."

बावीस पावलं. मग जिना, दुसरा मजला. डॉ. फव्वाजांची खोली वर्गाला लागूनच. वर्गाचं दार बघितलं. काच बदललेली नाही. तड्यावर आडवी चिकटपट्टी, तीही आता पिवळी पडलेली. वर्षभर पोरं त्या पट्टीखालून आत जातात.

ते एकटेच होते. "बस," म्हणाले. मी बसलो नाही. पानं दिली. आकडे १ ते ९, सगळी.

पहिलं पान त्यांनी वाचलं. त्यावर मी लिहिलं होतं: "मी दीड पान चोरलं. तुम्ही विचारलंत. मला खरं सांगायची लाज वाटली, म्हणून मी चिडलो. मी उठून दार आपटलं आणि मी कॉलेज सोडलं." त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला.  पुढची पानं हळूहळू उलटली. व्हिसाच्या ठिकाणी नाकातून हसले. मग नवव्या पानावर थांबले, पेनचं टोक कॉफीच्या ओळीवर टेकवलं आणि वर न बघता म्हणाले,

"हे कुठलं, मुहन्नद?"

तेच शब्द. तोच आवाज.  पाय आपोआप दाराकडे वळले. एक पाऊल टाकलंसुद्धा. नऊ पानं रक्त आटवून लिहिली, आणि पुन्हा तेच.

पण ते थांबले होते. पेन त्या ओळीवर, आणि थांबले होते.

मी परत फिरलो आणि खुर्चीत बसलो.

"माझं," मी म्हणालो. "गेल्या शुक्रवारी, अबू लैथ ड्रायव्हरच्या घरी. दारापासून तिसऱ्या खुर्चीवरून बघितलं. माझ्याच भाषणाने तो कप थंड केला."

त्यांनी वर पाहिलं.  "आणि तो कप?"

"अजून भरलेला असेल."

"कमिटी रविवारी बसेल," ते म्हणाले. "माझं एकच मत आहे, इतर चार आहेत. काही सांगू शकत नाही."

"थांबेन."

त्यांनी नववं पान समोर ओढलं आणि समासात बारीक काहीतरी लिहायला लागले. काय, ते मी वाकून बघितलं नाही. उठलो. 'सलाम' म्हटलं. बाहेर आलो, दाराची मूठ धरून ते ओढलं, खिट्टी बसल्याचा आवाज येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवलं, आणि मग सोडलं.